आठ ताटांचं मशीन

"आँटी, एका टायमाला किती ताटं निघतात तुमच्याकडे?" त्या मुलीने विचारलं आणि मी सहज म्हणून गेले, "एक."

वाशीतलं मोठं दुकान, आत थंडगार, आणि भांडी घासायची मशिनं ओळीने दारं उघडी टाकून मांडलेली. मुलीच्या छातीवर रुतिका असं नाव लावलेलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे एकट्याच असता का?" मी म्हटलं, "एकटी कशाला? हे काय, हे उभे आहेत ना. माणसं दोन, ताट एक. हे जेवून उठले की त्यातच मी जेवते." रुतिका गालावर हात ठेवून हसली आणि म्हणाली, "अय्या, सो स्वीट!" एवढ्यावर थांबली नाही, शेजारच्या काउंटरवरच्या बाईलाही तिने ते ऐकवलं. तिच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला कळलं. म्हातारा-म्हातारी समोरासमोर बसून एकमेकांना घास भरवतायत! मी यांच्याकडे पाहिलं. वामन म्हात्रे, तळोज्याच्या कारखान्यात जन्मभर मशिनं दुरुस्त केलेला माणूस, एका फ्रिजवर चिकटवलेला कागद डोळे बारीक करून वाचत होता. फ्रिज आम्हांला घ्यायचा नव्हता. कान लाल झाले होते यांचे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ही गोष्ट मी आजवर कुणाला तोंडाने सांगितलेलीच नव्हती. घरात सगळ्यांना माहीत, आमच्या प्राचीला माहीत, गावात तर कित्येक घरांत हेच. पण उच्चारली ती आज पहिल्यांदा, एका परक्या पोरीसमोर, आणि उच्चारल्याबरोबर मलाच ती परकी वाटायला लागली. मग रुतिका आठ ताटांचं मशीन दाखवायला लागली आणि मी मान हलवत राहिले.

मशीन घ्यायचं ठरलं ते माझ्या हातांमुळे. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, साबणाच्या पाण्यात हात घातला की जीव कळवळायचा. मलम लावायचं, चार दिवस बरं, पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी आणि साबण बंद करा, तेवढं एकच औषध. बाई ठेवावी तर माझा स्वभाव आड येतो. दुसऱ्याने घासलेलं भांडं मी पुन्हा घासते, मग बाई कशाला? प्राची पुण्याहून फोनवर रोज भांडायची. "आई, मशीन घे. मोठं नको, छोटं घे, ओट्यावर बसणारं. दोघंच तर आहात." हे तर निवृत्त झाल्यापासून कामाच्या शोधातच होते. शिवणाची टेप घेऊन ओटा मापला, वरच्या कपाटाची उंची मापली, बेसिनचा नळ मापला, आणि मग माझी भांडीसुद्धा मापायला काढली. परात बसणार नाही. भाकरीचा तवा घालायचाच नाही, लोखंडाला गंज चढतो. कालवणाचं मोठं पातेलं तिरकं केलं तर बसेल, पण मग बाकी काही बसणार नाही. "तुझी भांडी पंधरा मानसांची आनि मानसं दोन," हे म्हणाले. मी म्हटलं, पंधरा माणसांतच दिलं होतं ना मला. ते हसले. छोटंच घ्यायचं यावर आमचं एकमत झालं. बऱ्याच दिवसांनी कशावर तरी एकमत झालं म्हणून आम्ही दोघंही खुश होतो आणि त्या खुशीतच दुकानात गेलो होतो.

परत येताना रिक्षात हे मशीनबद्दल बोलत होते, मीठ कुठे घालायचं, साबणाची वडी कुठे ठेवायची. माझं लक्ष नव्हतं. मला नावड्याचं घर दिसत होतं. लग्न होऊन गेले तेव्हा त्या घरात पुरुषांची पंगत आधी, मग पोरं, मग सासूबाई, आणि पातेल्यांचे तळ दिसायला लागले की आम्ही सुना. सासूबाई, धोंडूबाई त्यांचं नाव, वाईट नव्हत्या. हाताला मात्र शिस्त होती. कालवण त्या स्वतः वाढायच्या आणि मासा कुणाच्या ताटात कुठला जातो याचा त्यांचा कायदा होता. डोकं सासऱ्यांना, मधले तुकडे मुलांना, शेपटाकडचं पोरांना. सुनांना रस. रसात मासा पोहून गेलाय एवढं समाधान. पहिल्याच दिवशी त्यांनी यांचं उष्टं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "नवऱ्याच्या ताटात जेवावं, मंग घरात भांडान होत नाय." मी माहेरी सानपाड्याला आईला तसंच जेवताना पाहिलं होतं, त्यामुळे वाईट वाटलं नाही. उलट गंमत वाटली. पाणी विहिरीचं, दोन वेळा ओढून आणायचं, तेव्हा एक ताट कमी घासायचं हेही त्यात होतंच. ज्याला लोक धर्म म्हणतात त्यात कधीकधी अर्धी पाण्याची काटकसर असते. ते जाऊ दे. खाडीतली बोय मासळी आणली होती त्या दिवशी, आणि ताटाच्या कडेला, भाताच्या शितांखाली अर्धवट झाकलेली, गाबोळी होती.

गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, एका माशात एकच निघते आणि घरात तिच्यावरून भांडणं होतात. सासूबाई यांच्या ताटात ती आवर्जून वाढायच्या. "वामनाला गाबोली दिसली की दुसरं काय दिसत नाय," असं कौतुकाने सांगायच्या. आणि ती अख्खी माझ्यापुढे. मला वाटलं विसरले. नवीन बायको, घरात पाहुणे, विसरला असेल माणूस. मी इकडेतिकडे बघून पटकन खाल्ली. पुढच्या खेपेला कोळंबी होती, ताटात दोन कोळंब्या राहिल्या. मग चिंबोरी आणली त्या दिवशी तिचा डेंगा, म्हणजे नांगी, राहिला, आणि तो फोडलेला होता. वरचं कवच काढून आतला मऊ भाग मोकळा करून ठेवलेला. विसरणारा माणूस डेंगा फोडून विसरत नाही, असं मी त्या वेळी मनाशी म्हटलं. लगेच दुसरं मन म्हणालं, फोडला असेल आणि पोट भरलं असेल. या दोन मनांचा निकाल इतक्या वर्षांत लागला नाही. सासरे गेले, सासूबाई गेल्या, आम्ही खारघरला फ्लॅट घेऊन आलो, प्राची मोठी झाली, माशाचं पातेलं माझ्या हातात आलं आणि हवा तो तुकडा मला खायला कुणाची बंदी राहिली नाही. तरी मी वाढताना चांगला तुकडा यांनाच वाढत गेले आणि तो ताटाच्या कडेला माझ्यासाठी राहत गेला. विचारलं नाही कधी. विचारलं असतं आणि हे म्हणाले असते, "अगो, पोट भरलं व्हतं," तर? त्यापेक्षा ताट बरं. ताट खोटं बोलत नाही असं मला वाटायचं.

प्राचीला हे कसं सांगायचं? ती कॉलेजात असताना एकदा ताट ओढून घेऊन भांडली होती माझ्याशी. "आई, हे किती जुनाट आहे. बाबांचं उष्टं कशाला खातेस? ताटं काय कमी आहेत?" ताटं भरपूर होती. लग्नात आलेली, देणाऱ्यांची नावं कोरलेली, कपाटात उभी केलेली. मी म्हटलं, "घासायचा कंटाळा." ती म्हणाली, तू आणि कंटाळा! बाहेर जेवायला गेलो की माझ्यापुढे वेगळं ताट यायचंच, लग्नात बायकांची पंगतच वेगळी, पण ते बाहेरचं. घरात मी यांच्यानंतर, स्वयंपाकघरात, त्याच ताटात. आणि खरं सांगायचं तर जेवायला बसताना आधी माझी नजर ताटाच्या कडेला जायची. या वयातसुद्धा. तुकडा दिसला की दुपार चांगली जायची. याला जुनाट म्हणा नाहीतर काहीही म्हणा, मला त्याचा लोभ होता. रुतिकाला मी अर्धंच सांगितलं होतं आणि तिने त्याचं गोड करून टाकलं होतं. यांनी मात्र ते अर्धं जसंच्या तसं ऐकलं होतं, माणसं दोन, ताट एक. घरी येऊन हे दोनदा पाणी प्याले आणि टीव्ही लावून बसले.

मशीन आलं. ओट्याच्या कोपऱ्यात बसलं, नळाला जोडलं, आणि दोन दिवस आम्ही दोघं त्याच्यापुढे उभं राहून आतला आवाज ऐकत होतो. भांडी निघाली ती कोरडी, लख्ख, हाताला गरम. हळदीचा डागसुद्धा गेला. मी बोटाने घासून पाहिलं, कुरकुर वाजलं. मनातल्या मनात मशीनला शाबासकी दिली, यांना नाही कळू दिलं. भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. यांचं म्हणणं, जाळी भरल्याशिवाय चालवायचं नाही, पाणी-वीज फुकट जाते. माझं म्हणणं, खरकटी भांडी घरात ठेवून झोपायचं नाही, लक्ष्मी येत नाही. दोन माणसांची भांडी आठ ताटांच्या मशिनात एका जेवणात भरणार कशी? मग मी यांच्या नकळत भांडी हाताने विसळून आत ठेवायला लागले, म्हणजे निदान खरकटी तरी नकोत. हे एकदा मागे येऊन उभेच राहिले. "धुऊन धुवायला टाकतेस? मंग मशीन कशाला आनलंय, शोभेला?" मी म्हटलं, तुमच्या मशीनला नाक नाही, मला आहे. शेवटी असं ठरलं, की भरलेलं असो वा नसो, जेवण झालं की चालवायचं, आणि मी पाण्यात हात घालायचा नाही. हे माझ्या हातांसाठी हरले होते आणि हरल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. चिरा भरत आल्या होत्या. रात्री मलम लावायला हे स्वतः बसायचे, चष्मा लावून, एकेक बोट धरून.

पण एक गोष्ट मला दिसत होती. जाळीत ताटं उभी करायचे दात होते, आणि त्यांत एकच ताट उभं असायचं. हे दार बंद करण्याआधी तिथे बघायचे. जेवून उठले की पूर्वी सरळ हॉलमध्ये जायचे, आता दारातच रेंगाळायचे. मी यांच्या ताटात भात घेतला की घसा खाकरायचे आणि जायचे. दुकानात लाल झालेले ते कान मला आठवायचे. या माणसाला लाज वाटतेय, हे कळत होतं. कशाची, माझी की स्वतःची, ते कळत नव्हतं. मनात म्हणायचे, बाबा, तुला काय बोलायचं ते बोल, पण ताटाला हात लावू नकोस.

त्या रविवारी बोय मिळाली. पंढरी कोळी आमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत येतो, त्याने माशाचं पोट दाबून दाखवलं, "वहिनी, भरलेली हाय." कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, यांना वाढलं, गाबोळी यांच्या ताटात ठेवली. हे जेवत होते तेवढ्यात प्राचीचा फोन आला. घरात आवाज नीट येत नाही म्हणून मी बाल्कनीत गेले. हात दाखव म्हणाली, मी कॅमेऱ्यापुढे दोन्ही हात धरले, ती खुश झाली. समोरच्या डोंगरावर ऊन होतं. बोलणं लांबलं. आत आले तर मशीन सुरू होतं आणि हे ओटा पुसत होते. वामन म्हात्रे ओटा पुसतायत! मी कौतुकाने काही बोलणार, तेवढ्यात रिकामं टेबल दिसलं. "ताट कुठाय?" मी विचारलं. "टाकलं मशीनमधी," हे म्हणाले, आणि असे बघायला लागले की आता मी शाबासकी द्यावी. "मी जेवले नाही अजून." "मंग जेव की." "कशात जेवू?" असं मी विचारलं, आणि विचारल्यावर माझं मलाच कळलं की मी केवढं वेड्यासारखं बोलतेय. मागे कपाटात ताटांची चळत उभी होती. हे म्हणाले, "अगो, ताटं काय कमी हायत?" अगदी प्राचीचा सूर. मग जरा थांबून, खाली बघत म्हणाले, "मना नाय बरं वाटत आता. ती दुकानातली पोर हसली तवापासून नाय बरं वाटत," आणि फडकं तिथेच टाकून हॉलमध्ये गेले.

मी मशीनपुढे उभी राहिले. आत पाणी ताटावर आपटत होतं. माझी नजर कचऱ्याच्या डब्याकडे गेली. मशिनात टाकण्याआधी ताट निपटून टाकायचं, हे यांनीच मला दहादा शिकवलं होतं. मी झाकण उघडलं. डब्यातल्या कागदावर काटे होते, कढीपत्ता होता, भाकरीचा करपलेला तुकडा होता. गाबोळी नव्हती. म्हणजे खाल्ली. मी झाकण बंद केलं आणि ओट्याला टेकले. बरं झालं खाल्ली, त्यांनाच वाढली होती, त्यांच्या आवडीची. लहानपणापासून आवडीची. एवढं सगळं मनाशी म्हटलं आणि तरी रडू आलं. आज मी समोर नव्हते, ताट माझ्यापुढे यायचं नव्हतं, म्हणून खाल्ली. की रोजच खायची होती आणि रोज पोट भरत होतं? इतकी वर्षं मी एका माशाच्या तुकड्यावर काय काय रचत बसले होते. त्या तुकड्यासाठी मी नावड्याचं घर सोसलं, सासूबाईंचा वाढायचा हात सोसला, यांच्या कारखान्यातल्या पाळ्या, यांचं न बोलणं, सगळं सोसलं, आणि वर मला ते सोसणं वाटलंसुद्धा नाही, कारण ताटाच्या कडेला माझ्यासाठी कुणीतरी काहीतरी ठेवत होतं. आणि ते कुणीच ठेवत नसलं तर? राग यांचा नव्हता, मशीनचाही नव्हता. मला फक्त ते ताट परत हवं होतं, खरकटं होतं तसं, आणि ते आत साबणाच्या पाण्यात होतं आणि दार उघडायची बंदी होती.

"जेवली नाय?" हे दारात होते. माझ्या तोंडाकडे पाहून आत आले. "काय झालं? भाजलं का?" मी मान हलवली. यांनी माझे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "मंग? ती वाटी नाय बगितली?" "कुठली वाटी?" यांनी मशीनच्या मागे हात घातला आणि भिंतीला टेकवून ठेवलेली, झाकणी घातलेली वाटी पुढे ओढली. झाकणी काढली. आत गाबोळी होती, अख्खी, वर थोडा रस घातलेला. "ताट मशीनमधी टाकायचं म्हनल्यावर तुजा तुकडा ठेवायचा कुठं? म्हनून वाटीत काढला. माशी बसंल म्हनून झाकला." तुझा तुकडा. तुझा चष्मा, तुझी चप्पल म्हणावं तसं म्हणाले. मग मी विचारलं एकदाचं. "नेहमी मुद्दाम ठेवायचात?" "मंग काय, आपोआप र्‍हायचा?" हे वैतागलेच. "आयेसमोर हातात कसा देनार व्हतो तुना? घर डोक्यावर घेतलं असतं तिनं. ताटातून गेला तर कोन बोलनार?" "आणि इथे? इथे कुठे होत्या आई?" "सवय," हे म्हणाले. मग म्हणाले, "तू शोधायचीस ना. मी हॉलमधून बगायचो. तुना सापडला की मी टीव्ही लावायचो."

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. यांनी कपाटातून ताट काढलं, पदराला पुसते म्हटलं तर ऐकेनात, स्वतः विसळलं, टेबलावर ठेवलं. खुर्ची ओढली. मला बसवलं, भात वाढला, कालवण वाढलं, वाटी ताटाजवळ सरकवली, आणि मग जायच्याऐवजी समोरच्या खुर्चीवर बसले. जेवलेला माणूस, रिकामे हात टेबलावर ठेवून. मी म्हटलं, "तुम्ही जा ना, टीव्ही लावा." हे हलले नाहीत. नव्या ताटाची कड गार लागत होती. मी जेवायला लागले. मधेच मशीनमधलं पाणी बदलल्याचा आवाज आला, पुन्हा शांत झालं. मला वाटलं हे मशीनकडे बघतायत, म्हणून मान वर केली, तर हे माझ्याकडे बघत होते. यांचं तोंड असं झालं होतं, की जणू कुणीतरी यांना कारखान्यात बोलावून सांगावं, इतकी वर्षं चाललेल्या मशीनमध्ये एक आवाज येत होता आणि तुम्हांला कधी ऐकू आला नाही.

"सुचिता," हे म्हणाले. मी घास तोंडात टाकत हुं म्हटलं. "हलू जेव गो. कोन नाय हाक मारत तुना."

मी थांबले. ताटात बघितलं तर भात जवळजवळ संपला होता. बसून किती वेळ झाला होता? मी खुर्चीच्या टोकावर बसले होते, एक पाय ओट्याच्या दिशेने, उठण्याच्या तयारीत, नावड्याला हाक येईल म्हणून बसायचे तशी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं कधी. कोण सांगणार, तुकडा सापडल्यानंतर बघायला कोण होतं? काहीतरी चेष्टेने बोलून उडवून लावावं म्हणून तोंड उघडलं, तर घास तोंडात तसाच होता. तो मी चावला, नीट, आणि गिळला. मग खुर्चीत मागे सरकले, पाठ टेकवली, दोन्ही पाय टेबलाखाली घेतले, आणि म्हटलं, "अजून थोडा भात वाढा."